डिकीचं झाकण

तिबिलिसीहून घाटानं काखेतीतल्या सासरच्या गावी पोचेपर्यंत अकरा ठिकाणी चर्च दिसतं. मी मोजलंय. लग्न करून आले तेव्हा नव्हतं मोजलं, केतो झाल्यावर मोजलं. चर्च दिसलं की माझे सासरे छातीवर तीनदा क्रूसाची खूण करतात आणि तेवढा वेळ त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर नसतो. अकरा त्रिक तेहेतीस. वळण असो, समोरून ट्रक येत असो, खूण चुकत नाही. एकदा मी म्हटलं, "बाबा, मनातल्या मनात केली तर चालत नाही का?"

"मनातल्या मनात जेवलीस तर चालतं का?" ते म्हणाले.

मी घाबरट आहे असं घरात सगळ्यांचं मत आहे. मी रसायनशास्त्र शिकलेय. कशापासून काय होऊ शकतं हे मला इतरांपेक्षा जरा जास्त माहीत असतं, एवढंच.

केतो जन्मली त्याच दिवशी, दवाखान्याच्या दारातच सासऱ्यांनी जाहीर केलं होतं की नातीला बाप्तिस्म्याला नेणार ते आपल्या जुन्या झिगुली गाडीतूनच. इराक्लीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी याच गाडीतून नेलं होतं. तेही देवाधर्मावर सरकारचा डोळा असलेल्या काळात, जेव्हा असल्या गोष्टी कामावर कळल्या तर साहेबाचं बोलावणं यायचं. मागच्या सीटवर कांद्याची दोन पोती, मध्ये टोपली, टोपलीत इराक्ली. "वाटेत शिपायानं अडवलं आणि नेमका हा शिंकला," सासरे सांगतात. "शिपाई म्हणाला, जुम्बेर, तुझ्या कांद्यांना सर्दी झालीय, लवकर घरी ने."

इराक्ली आता एकतीस वर्षांचा आहे. गाडी त्याच्याहून मोठी. एकेकाळी ती चेरीच्या रंगाची होती, आता उन्हात विसरलेल्या चेरीच्या रंगाची आहे.

मी नाही म्हटलं नाही. अटी घातल्या. गाडीला मागे पट्टे नव्हते, ते बसवून घेतले. केतोची खुर्ची नुसत्या पट्ट्यांवर ठेवायला माझं मन होईना, म्हणून गॅरेजमध्ये दीड तास उभी राहिले आणि चार लांब बोल्ट सीटच्या पाठीतून, मागच्या पत्र्यातून आरपार घालून घेतले. नट पलीकडून, डिकीच्या आतून. गॅरेजवाला घाम पुसत म्हणाला, "ताई, गाडी दरीत गेली, गंजली, तिची माती झाली, तरी ही खुर्ची जागेवर असेल."

"दरीचं नाव कशाला काढता?" मी म्हटलं. पण बरं वाटलं.

शेवटची अट मी फक्त इराक्लीला सांगितली होती. ही एक खेप. वाटेत काहीही झालं, अगदी काहीही, तर केतो शाळेत जाईपर्यंत बाबांच्या गाडीत बसणार नाही. इराक्लीनं मान हलवली आणि त्याच्या पोटात काही राहत नसल्यामुळे दुसऱ्याच दिवशी वडिलांना सांगून मोकळा झाला.

त्यामुळे त्या ऑक्टोबरच्या सकाळी सासरे आम्हाला घ्यायला तिबिलिसीत आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, नखं कापून, परीक्षेला बसावं तसे. इराक्ली आदल्या दिवशीच केतोच्या धर्ममातेबरोबर तिच्या गाडीतून गावी गेला होता, मेजवानीच्या तयारीला. बाप्तिस्मा दोनला. फादरना त्यानंतर शेजारच्या गावी लग्न लावायचं होतं, म्हणजे दोन म्हणजे दोनच. आम्ही साडेदहाला निघालो. काटा चाळिसाच्या वर गेला नाही. घाटात एका ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं आणि त्यावरच्या माणसानं वळून पाहिलं, ढकलायला माणूस हवाय का म्हणून.

"हळू चाललंय ना, सूनबाई?" सासरे आरशातून म्हणाले.

"छान चाललंय, बाबा."

सहा चर्च झाली. सहाही वेळा माझा जीव वर आला आणि खाली गेला.

घाट उतरल्यावर एक मोठं वळण आहे. तिथे लामाराची टपरी. टपरी म्हणजे दोन खांब, वर ताडपत्री आणि उंच आडव्या काठीला टांगलेल्या चुर्चखेलांच्या रांगा. अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षरसाच्या खळीत बुडवलेले, लाल, पिवळे, काळपट. तिथे पोचलो आणि केतोनं जे करायचं ते केलं, मानेपर्यंत.

"थांबा, बाबा. कपडे बदलावे लागतील."

सासऱ्यांनी गाडी टपरीसमोर लावली, किल्ल्या काढल्या, डिकी उघडली. आत केतोची रोजची पिशवी, पाण्याचा कॅन आणि मागच्या कडेला पांढऱ्या लोकरी शालीत गुंडाळलेला तिचा बाप्तिस्म्याचा झगा. झग्यातच सोन्याचा इवलासा क्रूस. मी केतोला एका काखेत धरून पिशवी ओढून काढली. सासऱ्यांनी डाव्या हातानं कॅन उचलला. तेवढ्यात दरीपलीकडच्या टेकडीवरची घंटा वाजली.

ते सातवं चर्च. सासऱ्यांच्या उजव्या हातात किल्ल्या, डाव्यात कॅन. डाव्या हातानं खूण करत नाहीत. किल्ल्या मुठीत धरूनही करत नाहीत, निदान ते तरी नाहीत. अंडं ठेवावं तशा त्यांनी किल्ल्या अलगद शालीवर ठेवल्या, टेकडीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

तेवढ्यात द्राक्षांनी भरलेला ट्रक वळणावर आला. मागे धुळीचा लोट. डिकी उघडी, आत पांढरा झगा. मी मोकळ्या हातानं झाकण धरलं आणि खाली आपटलं.

खट्.

झिगुलीची डिकी आपटली की लागते. उघडते ती फक्त किल्लीनं.

धूळ बसली. सासऱ्यांनी डोळे उघडले, खिसे चाचपले, झाकणाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी नीट पाहिलं.

"अरे देवा," ते म्हणाले. "किल्ल्या मी आत ठेवल्या."

"हो," मी म्हटलं.

"आणि झाकण..." ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "लावलं वाटतं मी."

इथे मी बोलायला हवं होतं. केतो रडत होती, माझ्या बाहीवरून ओघळ चालला होता, आणि अट माझ्या डोक्यात एखाद्या पाटीसारखी लटकत होती. वाटेत काहीही झालं तर. झालंच की. किल्ल्या आत त्यांनीच ठेवल्या होत्या, खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, "दुसरी जोडी असेल ना?"

"आहे. हत्यारांच्या डब्यात."

"आणि डबा?"

सासऱ्यांनी हनुवटीनं डिकीकडे खूण केली. "हरवू नये म्हणून."

टपरीतून लामारा कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. साठीची, अंगानं भरलेली, डोक्याला फुलांचा रुमाल. आम्ही येता-जाता तिच्याकडे थांबतो. ती आली, केतोला माझ्याकडून सरळ काढून घेतलं आणि म्हणाली, "तू हात धू, पोरी. आणि जुम्बेर, तू देवाला नमस्कार करत होतास की डिकीला?"

"चेष्टा करू नकोस, लामारा. दोनला बाप्तिस्मा आहे."

"मग पुन्हा कर खूण. या वेळी किल्ल्या बाहेर काढ म्हणावं."

आमच्या रस्त्यांवर उघड्या बोनेटजवळ कोणी उभं दिसलं तर माणसं थांबतात. बंद डिकीजवळ दोघं उभी दिसली तर आणखी लवकर थांबतात. द्राक्षांचा तोच ट्रक पुढे जाऊन मागे आला. त्यातून झाउरी नावाचा उंच, सुकलेल्या मिरचीसारखा तरुण उतरला. "काका, माझ्या घरीही झिगुली आहे," तो म्हणाला. "हिच्या किल्ल्या म्हणजे शेजारधर्म. कोणाचीही कोणालाही लागते." त्यानं आपली लावून पाहिली. लागली नाही. मागून आलेल्या दोन गाड्या थांबल्या, त्यांच्याही किल्ल्या झाल्या. एक अर्धी फिरली. पुढे फिरली नाही, बाहेरही येईना, ती काढण्यात दहा मिनिटं गेली. त्या गाडीवाल्यानं पुढच्या वाटेवर देव आठवला असेल, पण आमच्यासाठी नाही.

"मग सीटची पाठ काढू," झाउरी म्हणाला. "दोन खटके, की पाठ हातात. सरळ डिकीत." तो मागच्या दारातून आत शिरला आणि काही वेळ पाठ चाचपत राहिला. मग डोकं बाहेर आलं. "हे बोल्ट कोणी घातले?"

"मी," मी म्हटलं.

"ताई, बाळ बसवलंय की तिजोरी?"

"नट पलीकडे आहेत," मी हळूच सांगितलं. "डिकीत."

झाउरीनं माझ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, मग आकाशाकडे. लामारा केतोला मांडीवर हलवत हसत होती. तिच्या हातातून काहीतरी लालसर केतोच्या तोंडाकडे निघालेलं मला दिसलं आणि मी धावले. "अक्रोड नको! घशात अडकेल!"

"अगं, दोरा आहे नुसता. दोरा चोखतेय. सहा वाढवलीत मी."

"दोरासुद्धा..."

"सहाही जिवंत आहेत," लामारा म्हणाली. "एक तर नको तितका."

सव्वाबारा झाले होते. इराक्लीचा फोन आला. "कुठे आहात?"

मी सांगितलं. पलीकडे भांड्यांचे आवाज, कोणाचं तरी गाणं. मग इराक्लीचा आवाज खाली आला. "किल्ल्या बाबांनी आत ठेवल्या?"

"त्यांनीच ठेवल्या."

"आणि लावून घेतली डिकी."

मी म्हटलं, "किल्ल्या आत आहेत, इराक्ली. झगा, क्रूस, सगळं आत आहे."

"म्हणजे संपलं," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस तसंच. मी सांगतो बाबांना, आत्ता नको, नंतर." आणि मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. "थांब. मागच्या काचेखाली फळी आहे ना? तिच्यावर गालिच्याचा तुकडा. तो उचल. पण बाबांसमोर माझं नाव घेऊ नकोस. तेरा वर्षं झाली, अजून रागावतात."

फोन ठेवून वळले तर झाउरी ट्रकमधून हातोडा आणि जाड पेचकस घेऊन आला होता. सासऱ्यांचा हात झाकणावर होता, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "तोड," ते म्हणाले. "कुलूपच आहे. पोरीचा बाप्तिस्मा मोठा की कुलूप?" आवाज बरोबर होता. हात मात्र झाकणावरून उचलला जात नव्हता, आणि झाउरी हातोडा घेऊन हात बाजूला होण्याची वाट बघत होता.

"जरा थांबा," मी म्हटलं आणि आत शिरले.

गालिच्याचा तुकडा उचलला. खाली फळीला दोन भोकं, एक डावीकडे, एक उजवीकडे, बशीएवढी, कडा पत्र्याच्या कात्रीनं वेड्यावाकड्या कापलेल्या. अठराव्या वर्षी इराक्लीनं वडील द्राक्षतोडणीला गेलेले असताना स्पीकर बसवले होते. स्पीकर नंतर विकले गेले. भोकं राहिली. सासरे त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

सासऱ्यांनी दारातून वाकून पाहिलं. त्यांना कोणाचं नाव सांगायची गरजच नव्हती. "गाढव," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "पण हात शिरेल."

हात शिरला, कोपरापर्यंत. किल्ल्या पार मागच्या कडेला, शालीवर. दोन हात लांब. झाउरीनं तार सुचवली, तार नव्हती. लामारा केतोला घेऊन उठली, टपरीत गेली आणि उंचावरच्या चुर्चखेला उतरवायची आपली आकडी घेऊन आली. लांब, सडसडीत, टोकाला तारेचा हूक, द्राक्षरसानं काळी झालेली.

"ही घे, जुम्बेर. वीस वर्षांत माझ्या आकडीनं एकही दाणा पाडलेला नाही. तू पाडलास तर भरपाई द्यावी लागेल."

गाडीत दोघांनाच जागा होती. सासरे डाव्या बाजूला गुडघ्यांवर. आकडी पुढच्या सीटवरून तिरकी घेऊन डाव्या भोकात घातलेली. मी उजवीकडे, केतोच्या खुर्चीवर पालथी, गाल फळीला टेकवून, उजव्या भोकात एक डोळा आणि फोनचा उजेड. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं. केतो बाहेर परक्या बाईच्या मांडीवर दोरा चोखत होती आणि मला तिच्याकडे बघता येत नव्हतं. असं आठ महिन्यांत प्रथमच झालं.

"सांग," सासरे म्हणाले.

"पुढे. आणखी. थांबा. डावीकडे."

"कोणाच्या डावीकडे?"

"तुमच्या. नाही, माझ्या. म्हणजे चर्चच्या बाजूला."

"आता कसं! चर्चची बाजू कळते मला."

हूक शालीवरून सरकला, किल्ल्यांजवळून गेला, झग्याच्या लेसमध्ये अडकला. "मागे! मागे, लेस आहे!" सुटला. पुन्हा. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. हूक सारखा भरकटत होता. तिसऱ्या खेपेला हूक कडीला नुसता शिवून गेला. सासऱ्यांनी आकडी थांबवली. बाहेर झाउरी आणि लामारा द्राक्षांच्या भावावर बोलत होती. सासरे अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तेओना, एक सांगतो. इराक्लीला नको सांगूस."

"काय, बाबा?"

"किल्ल्या ठेवल्या ते आठवतंय मला. शाल कशी मऊ लागली तेसुद्धा. पण झाकण लावलेलं आठवत नाही. काही केल्या नाही. तासभर आठवतोय." ते थांबले. "माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस, मग दार, मग आमची नावं. तुझी अट बरोबर आहे, बाळ. मीच इराक्लीला सांगणार आहे, पोरीला माझ्या गाडीत नको बसवू. आज पोचलो की किल्ल्या त्याच्या हातात देणार. फक्त हे कारण नको सांगायला."

माझा गाल फळीवर होता. एक डोळा भोकात. उजेडात शाल, झगा, किल्ल्या सगळं लखलखीत दिसत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "झाकण तुम्ही लावलंच नाही."

"मग कोणी? वाऱ्यानं?"

"मी. ट्रकची धूळ येत होती. झग्यावर बसेल म्हणून मी आपटलं. तुमचे डोळे मिटलेले होते."

मी भोकावरून डोळा काढायचं धाडस केलं नाही.

"तू लावलंस?"

"हो."

"आणि तासभर गप्प बसलीस?"

"हो."

मला वाटलं, आता ते आकडी टाकून उतरतील, आणि बरोबरच केलं असतं त्यांनी. आधी सीट हलली. मग सगळी गाडी हलली. सासरे हसत होते. पोटातून, खांद्यांतून, आकडीच्या टोकापर्यंत. त्याच हसण्याच्या हिसक्यात हूक खाली गेला, वर आला आणि मला दिसलं की कडी त्यात अडकलीय.

"बाबा, हसू नका! अडकली! हसू नका!"

"कशी नको हसू! मी तासभर मरायला टेकलो होतो!"

"पडेल! पडली!"

पडली. शालीवरून घसरून कॅनच्या जागी, पत्र्यावर, खणकन.

"भरपाई!" बाहेरून लामारा ओरडली.

दाराशी झाउरीचं डोकं आलं. "काय झालं, काका?"

"काही नाही," सासरे डोळे पुसत म्हणाले. "माझं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच झालं. हं, सूनबाई, चर्चची बाजू की डोंगराची?"

"डोंगराची. चार बोटं. आता खाली. आता चर्चच्या बाजूला अगदी जरासं. उचला."

या वेळी हूक भरकटला नाही. किल्ल्या शालीवरून, लेसवरून, अंधारातून भोकाकडे येत गेल्या, आणि मी उजवा हात कोपरापर्यंत आत घालून त्या मुठीत धरल्या. कडेच्या पत्र्यानं मनगटावर लांब ओरखडा काढला. त्या रात्री इराक्लीनं त्यावर औषध लावलं. लोखंडाच्या जखमेचं काय होऊ शकतं हे मी त्याला सविस्तर सांगितलं होतं.

एक वाजून पाच मिनिटं. झाउरीनं आम्हाला द्राक्षांची पेटी दिली, वर म्हणाला, "ताई, ते बोल्ट मात्र काढू नका. माझ्या बायकोला ते बघायला घेऊन येईन." लामारानं केतोला माझ्या हातात दिलं. तिचे गाल द्राक्षरसानं चिकट झाले होते आणि ती झोपली होती. झोपली होती! माझ्याकडे दोन तास झुलवल्याशिवाय झोपत नाही.

"भरपाई काय घेशील?" सासऱ्यांनी विचारलं.

"उद्या जाताना बाप्तिस्मा झालेलं बाळ दाखवून जा," लामारा म्हणाली. "आणि माझी आकडी धुऊन द्यायची नाही. चव जाते."

पुढच्या वाटेला काटा साठाला टेकला. मी काही बोलले नाही. चर्च चार लागली. चार त्रिक बारा. तेव्हाही काही बोलले नाही, पण मोजलं.

दोनला चार मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. चर्चच्या फाटकाशी इराक्ली उभा होता, चेहरा लांब झालेला. सासरे उतरले आणि तो म्हणाला, "बाबा, बाप्तिस्मा झाला की आपण जरा बोलू. केतो परत जाताना..."

"झाकण मी आपटलं," मी म्हटलं.

इराक्लीनं माझ्याकडे पाहिलं. केतोची धर्ममाता पाहू लागली. बहुतेक फादरही. "पण तू फोनवर म्हणालीस..."

"मी म्हणाले किल्ल्या बाबांनी ठेवल्या. झाकणाचं तू म्हणालास, मी नाही म्हटलं नाही." मान खाली घालून बोलणं मला जमत नाही, पण तेव्हा जमलं. "किल्ल्या त्यांनी ठेवल्या ते देवासाठी. डिकी मी लावली ती झग्यासाठी. गाडीनं काहीच केलेलं नाही."

"आणि अट?"

"अट गाडीची होती. माझी नव्हती."

"मग आता तू केतो शाळेत जाईपर्यंत गाडीत बसायचं नाहीस का?" इराक्लीनं विचारलं, आणि सासरे पुन्हा हसायला लागले. फादरनी आतून घड्याळाकडे बोट दाखवलं तेव्हा कुठे आम्ही हललो.

शालीवर चुर्चखेलाच्या रसाचा एक ठिपका पडला होता, नाण्याएवढा. मी तो घडीत लपवला. केतोला पाण्यात बुडवलं तेव्हा ती रडली नाही. मी रडले.

रात्रीच्या मेजवानीत टेबलाचे प्रमुख, म्हणजे दर पेल्याआधी चार शब्द बोलून तो कोणाच्या तरी नावानं उचलणारे, सासरेच होते. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन जायचं म्हणून त्यांनी पेला ओठाला लावला आणि खाली ठेवला, दर वेळी. त्यांच्या मित्रांना हे बघवत नव्हतं. सातवा पेला त्यांनी उचलला तो एका डोळ्यासाठी. "ज्या डोळ्याला," ते म्हणाले, "सगळं दिसतं, आणि थोडं उशिरा का होईना, जे दिसलं ते सांगतो, त्या डोळ्याला." मला टेबलाखाली जावंसं वाटलं. इराक्लीनं माझा हात धरून ठेवला.

सकाळी निघालो. केतो खुर्चीत, मी तिच्याशेजारी, इराक्ली पुढे. गावाबाहेरचं पहिलं चर्च दिसलं आणि सासऱ्यांचा उजवा हात उचलला जाऊ लागला. मी म्हटलं, "बाबा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. तुमच्या वाटणीची मी करते."

आरशात त्यांनी मला बराच वेळ पाहिलं. फार वेळ. रस्त्याकडे बघावं ना माणसानं! मग हात पुन्हा स्टिअरिंगवर गेला. "नीट कर हं," ते म्हणाले. "घाईत नको. मनातल्या मनात तर नकोच."

मी तीन त्यांच्या केल्या, तीन माझ्या. प्रत्येक चर्चला सहा. मोठ्या वळणावर पोचेपर्यंत माझा खांदा भरून आला होता.

लामारासाठी सासूबाईंनी वाइनचा मोठा कॅन दिला होता. सासरे उतरले, मागोमाग मीही. त्यांनी डिकी उघडली, कॅन डाव्या हातात घेतला. तेवढ्यात पलीकडच्या टेकडीवर घंटा वाजली. त्यांनी मागे वळून मला शोधलं आणि किल्ल्या माझ्यापुढे धरल्या.

"धर."

मी किल्ल्या घेतल्या, दोन्ही मुठींत घट्ट. त्यांनी डोळे मिटले. वळणावर ट्रक येत होता. डिकी सताड उघडी होती, आत पांढरी शाल होती, आणि धूळ आमच्याकडेच येत होती. मी डिकीपासून तीन पावलं मागे सरकले आणि तिथेच उभी राहिले.